‘शुगर थी इनको’ असं मी म्हणालो

‘शुगर थी इनको.’ हे तीन शब्द माझे आहेत. सुधीर गेल्यापासून ते मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले की मुळात कोणाचे, हे आता कोणालाच आठवत नाही. मला आठवतं. त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात एक हवालदार गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत बसला होता. समोरच्या स्ट्रेचरवर माझा लहानपणापासूनचा मित्र, तोंडावर चादर. हवालदाराने मान वर न करता विचारलं, “कोई बीमारी-वीमारी थी?” मी अपघात पाहिला नव्हता. कोणाला काही विचारलंही नव्हतं. पण मी मास्तर माणूस, प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय... म्हणालो, “शुगर थी इनको.” हवालदाराचा चेहरा मोकळा झाला. “तो चक्कर आया होगा,” असं म्हणून त्याने तेही लिहिलं. मी होकार दिला नाही. नाहीही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी होती की शुगर घटल्याने स्कूटरस्वार पडला आणि मागून येणाऱ्या लोडरखाली, म्हणजे मालाच्या टेम्पोखाली, आला. लोडर मागून आलाच नव्हता. तो फूलबागेच्या वळणावर उलट्या बाजूने, समोरून आला होता. समोरच्या चहावाल्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती, कारण आजार सापडला होता. लोडरचा ड्रायव्हर संध्याकाळी घरी जेवायला बसला असेल. आणि माझ्या त्या तीन शब्दांनी महिनाभराच्या आत सोळा वर्षांच्या एका मुलीचे गोलकीपरचे ग्लव्हज काढून घ्यायची वेळ आणली. म्हणून हा लेख. सुधीरबद्दल चार चांगले शब्द लिहायला मला सांगितलं गेलं आहे. ते येतीलच, पण आधी हे.

सुधीर आणि मी माधवगंजच्या एकाच गल्लीतले. दोघांचीही घराणी कधीकाळी दक्षिणेतून फौजेबरोबर आलेली. आता सुधीरच्या घरचं टोपी बाजारात फीत-बटणांचं दुकान आणि माझी शाळेतली नोकरी. ग्वाल्हेरच्या पोरांच्या हातात हॉकी येतेच, तशी आमच्याही आली. तो गोलकीपर, मी बॅक. शाळेत असतानाच त्याला मधुमेह झाला, म्हातारपणी होतो तो नव्हे, दुसरा, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं आणि रोज टोचून घ्यावं लागतं. त्याच्या वडिलांनी ते जगापासून लपवलं. “पोट नाजूक आहे त्याचं,” एवढंच सांगायचे. घरात मात्र म्हणायचे, “पलटणीतल्या घराण्यात असले रोग नसतात.” जणू पोराने कुठून तरी उचलून आणला होता.

तो पॅडच्या आत गजक, म्हणजे तीळगुळाची वडी, ठेवायचा. आम्हाला वाटायचं, खादाड आहे. एका मॅचमध्ये, दुसऱ्या हाफला, बॉल त्याच्या पायाजवळून गेला आणि हा भलतीकडेच बघत उभा. मग आणखी एक गोल. आमचे उस्ताद बाहेरून ओरडले, “अबे, पीके आया है क्या?” सगळे हसले. मीही हसलो, चांगला मोठ्याने हसलो. तो गोलच्या मागे जाऊन खाली बसला, थरथरत्या हातांनी गजक तोंडात कोंबत राहिला. पुढचा सीझन तो बाहेरच होता. त्याने का, ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

कितीतरी वर्षांनी, दुकानात बसलो असताना, त्याने ही गोष्ट स्वतःहून काढली. गिऱ्हाईक नव्हतं. तो लेसचं रीळ गुंडाळत होता. “तेव्हा एक जण हवा होता रे, मास्तर. फक्त एकच. ज्याला सांगत बसावं लागलं नसतं.” मी म्हणालो, “मला सांगायचं ना यार!” तो हसला. “तू तर सगळ्यात मोठ्याने हसला होतास, लेका.”

मोबाइलवर त्याने एक ग्रुप कोरोनाच्या दिवसांत सुरू केला. मैदानं बंद होती, सगळे मोबाइलला चिकटलेले, तेव्हा त्याला नागपूरच्या वैदेहीताई सापडल्या. लांब पल्ल्याच्या सायकलिंगवाल्या आणि त्याच्यासारख्याच लहानपणापासून इन्सुलिनवर. दोघांनी मिळून खेळणाऱ्या मधुमेहींना गोळा केलं. सांगलीचा कबड्डीवाला, भोपाळची पोहणारी... नाव ठेवलं ‘गोड पलटण’. वडिलांना दिलेलं उत्तर होतं ते, पण वडील ऐकायला नव्हते. एव्हाना त्याच्या दंडावर साखर मोजणारी, नाण्याएवढी एक चकती आली होती. तिचा आकडा मोबाइलवर दिसतो आणि शेजारी एक बाण असतो; साखर चढतेय, उतरतेय की स्थिर आहे ते सांगणारा. आपण परवानगी दिली तर तो आकडा दुसऱ्या गावात बसलेल्या माणसालाही पाहता येतो. सुधीरचा आकडा वैदेहीताई पाहायच्या, त्यांचा सुधीर.

पलटणीचा रिवाज साधा होता. मैदानात उतरण्याआधी प्रत्येकाने आपला आकडा टाकायचा आणि लिहायचं, ‘आत’. खेळ संपला की ‘बाहेर’. ‘बाहेर’ आला नाही तर ज्याच्या लक्षात येईल त्याने फोन करायचा. बाकी तिथे चालायची ती निव्वळ टिंगल आणि कामाच्या गोष्टी. गजक तिळाची असते, उशिरा लागू पडते, मैदानावर साधी साखर चाट, हे सुधीरला तिथेच कळलं. इतकी वर्षं तो चुकीचा खाऊ खात होता आणि एकाही डॉक्टरने त्याला विचारलं नव्हतं की गोलमध्ये उभं राहून तू काय खातोस! तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात कागदाची साखरेची पुडी असायची. कबड्डीवाल्याची चकती पकडीत निघून यायची, तर सुधीरने दुकानातलं चार बोटं रुंद इलॅस्टिक कापून, शिवून, त्याचे दंडपट्टे बनवले आणि पलटणीत ज्याने मागितला त्याला पोस्टाने पाठवला. “माझ्या दुकानाचा माल आता इंटरनॅशनल,” असं म्हणायचा. सांगलीपर्यंतच गेला होता.

मला हे सगळं पोरखेळ वाटायचं. खोटं कशाला लिहू? “कोण हे लोक? कधी भेटलायस तरी?” मी विचारायचो. तो म्हणायचा, “भेटायचं कशाला, आकडा भेटतो की रोज.” मी म्हणायचो, “म्हणजे तुझ्या वैदेहीताईंना तू कसा दिसतोस तेही माहीत नाही.” “बरंय ना, इज्जत टिकून आहे,” तो म्हणायचा.

आमच्या हॉकी क्लबच्या मुलींच्या टीमला मी शिकवतो. जुई आमची गोलकीपर. दोन वर्षांपूर्वी तिलाही हाच मधुमेह निघाला आणि आईवडिलांनी तिचं खेळणं बंद केलं. सुधीर त्यांच्या घरी गेला, मला बरोबर घेऊन. शर्टाची बाही वर करून त्याने चकती दाखवली आणि तिच्या आईला म्हणाला, “वहिनी, हिचं पोळ्या लाटणं बंद केलंत का?” त्या म्हणाल्या, “नाही.” “मग गोल अडवणंच का बंद? पोळ्या लाटतानाही शुगर उतरते बरं का.” जुईला हसू फुटलं. तिच्या वडिलांनी विचारलं, “लेकिन मैदान में कुछ हो गया तो?” सुधीर म्हणाला, “तो पूरी पलटन देख रही होगी, भाईसाहब. और ये मास्टरजी भी.” मला मान डोलवावी लागली.

खरं तर तेव्हा माझाच एक नियम आडवा येत होता. सरावाआधी सगळ्या मुलींचे फोन मी एका पिशवीत घालतो आणि पिशवी माझ्या सायकलच्या हँडलला टांगतो. मैदानावर फोन नको, ही माझी शिस्त, आणि तिचा मला अभिमान होता. त्यावरून सुधीरशी जोरदार भांडण झालं. “तुझी पिशवी म्हणजे तिची आंधळी कोशिंबीर आहे,” तो म्हणाला. “तू मला त्या मॅचला हसला होतास, आता हिला हसणार काय?” शेवटी ठरलं की जुईचा फोन बाकावर, माझ्या शेजारी, साखर उतरली की वाजेल असा आवाज चालू ठेवून. दोन वर्षांत तो तीनचारदाच वाजला. दर वेळी ती धावत आली, साखर तोंडात टाकली, पाच-दहा मिनिटं बाकावर बसली आणि परत गोलमध्ये गेली. एवढंच असतं ते. एवढ्यासाठी आम्ही सुधीरचा एक अख्खा सीझन खाल्ला होता.

अपघाताच्या त्या सकाळी तो मैदानाला फेऱ्या मारून निघाला होता. मी उशिरा पोचलो, म्हणून आमची चुकामूक झाली. दवाखान्यातून फोन मलाच आला, त्याच्या पाकिटात माझा नंबर होता. पुढचं मी सांगितलंच आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जुईकडून माझा नंबर घेऊन, वैदेहीताईंनी फोन केला. बाईंचा आवाज बसलेला होता. “दादा, पेपरातलं खरं नाही. त्यांची शुगर उत्तम होती. त्यांनी ‘बाहेर’ लिहिलं होतं. नंतरही मी पाहत होते, आकड्यांची रेघ सरळ होती आणि मग एकदम तुटली... फोन फुटला असेल तेव्हा. तुम्ही पोलिसांना सांगाल का?” मी काय म्हणालो तेही लिहायला हवं. म्हणालो, “बाई, तुम्ही त्याला आयुष्यात एकदा तरी भेटलात का? इथे आमच्या घरचा माणूस गेलाय. मोबाइलवर बसून डॉक्टरकी बंद करा आता.” “नाही भेटले,” एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शोकसभा समाजाच्या हॉलमध्ये झाली. मी आयुष्यात पुष्कळ शोकसभा पाहिल्या आहेत, पण मेलेल्या माणसालाच आरोपी करणारी पहिलीच. सुधीरचे एक दूरचे काका म्हणाले की शुगरच्या माणसाने पहाटे धावायचं कशाला. दुसरे म्हणाले, सदानकदा त्या मोबाइलमध्ये, परक्या लोकांत. चालवतानाही तेच बघत असेल. तिसऱ्याने तर ज्ञान दिलं की कारल्याचा रस घेतला असता तर आज आपल्यात असता! लोडर उलट्या बाजूने का आला, हा प्रश्न त्या हॉलमध्ये एकाही माणसाला पडला नाही. आपल्याकडे एकदा माणसावर आजाराचा शिक्का बसला की त्याला दुसऱ्या कशानेही मरायची मुभा नसते. त्याच्या अंगावर गाडी घाला, शुगरने गेला म्हणा, सगळे सुटतात. गाडीवाला सुटतो, पोलीस सुटतात, रस्ता सुटतो. मित्रही सुटतो.

शेवटी क्लबचे अध्यक्ष उठले. सुधीरजींची आठवण म्हणून क्लबने एक निर्णय घेतला आहे, ते म्हणाले. “आगे से शुगरवाले बच्चों को हम मैदान में नहीं उतारेंगे. ये जिम्मेदारी हम नहीं ले सकते.” लोकांनी माना हलवल्या. जुई मागच्या रांगेत बसली होती. दंडावर सुधीरने शिवलेला पट्टा होता. तिने बाही ओढून तो झाकला. मी पाहिलं आणि जागेवरून उठलो नाही.

तेरावं झाल्यावर सुधीरच्या बायकोकडे, वंदनावहिनींकडे, गेलो. त्यांनी दवाखान्याने दिलेली पिशवी माझ्यासमोर ठेवली. घड्याळ, किल्ल्या, पाकीट, काच फुटलेला फोन. आणि साखरेची पुडी. कागदाला चारी बाजूंनी घडी तशीच, नीट दाबलेली. वहिनी म्हणाल्या, “भावजी, त्यांना जरा जरी कसंतरी झालं ना, की पहिला हात खिशाकडे जायचा. झोपेतसुद्धा उशाशी चाचपायचे.” मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. “तुम्ही पाहिलंत का त्यांना चक्कर येताना?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग कोणी पाहिलं?”

मी म्हणालो, “वहिनी, ते मी बोललो होतो. न बघता.” त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. पुडी उचलून माझ्या हातात ठेवली. “मग आता बघून या,” म्हणाल्या.

तिथून मी फूलबागेला गेलो. चहावाल्याने सगळं सांगितलं, विचारायचा अवकाश. “साहब, वो तो एकदम किनारे चल रहे थे. लोडर रॉन्ग साइड से घुसा. हमने तो उसी दिन चिल्लाया था.” त्याला घेऊन ठाण्यात गेलो. तिथला लेखनिक, मुंशी, म्हणाला, “आप ही ने तो लिखवाया था मास्टरजी, शुगर थी. अब आप ही कह रहे हैं नहीं थी?” मी म्हणालो, “थी. लेकिन उससे नहीं मरे.” हा फरक त्याच्या डोक्यात घालायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी माझा जबाब घेतला. चहावाल्याचाही घेतला. आलेल्या फोनचा नंबर शोधून मी वैदेहीताईंना एका ओळीचा निरोप टाकला, कामापुरता, की ती रेघ पाठवा. त्यांनी काही न बोलता लगेच पाठवली. ती छापून कागदाला जोडली. “जांच में है” असं आता सांगतात. ड्रायव्हरला शिक्षा होईल असा माझा भरवसा नाही. पण कागदावरून माझं वाक्य हललं आहे.

क्लबच्या बैठकीत मी उभा राहून सगळं सांगितलं, हवालदाराच्या प्रश्नापासून. अध्यक्ष म्हणाले, “मास्टरजी, आप जज़्बाती हो रहे हैं.” मी म्हणालो, “जज़्बाती मैं अस्पताल में था, साहब. आज होश में हूँ.” मग ते म्हणाले, ठीक आहे, पण जुईच्या वडिलांकडून लिहून घेऊ, काही झालं तर क्लब जबाबदार नाही. माझं डोकंच फिरलं. म्हणालो, लिहून घ्यायचं तर सगळ्या मुलींच्या वडिलांकडून घ्या, बॉल काही शुगर तपासून लागत नाही! “आपकी जिम्मेदारी पर,” शेवटी ते म्हणाले. मी म्हणालो, “मेरी.” चहा आला तो कोणी माझ्यापुढे सरकवला नाही. चालायचंच.

परवा जुई पुन्हा मैदानात आली. पिशवी नेहमीसारखी हँडलला, तिचा फोन बाकावर. तिने पॅड बांधले, मग फोन उचलून लिहिलं. मी विचारलं, “काय टाकलंस?” “आकडा आणि ‘आत’, सर.” माझ्याही फोनवर ते वाजलं. तिला सांगून मी पलटणीत भरती झालो आहे. काही दिवस नुसता वाचतोय. मागे मागे जात सुधीरपर्यंत पोचलो. त्याचा शेवटचा निरोप तसाच आहे. ‘बाहेर. बाण सरळ. आता कचोरी. कोणी घरी सांगू नका.’ त्याखाली कोणीतरी हसलेलं, आणि त्याखाली वैदेहीताईंचं, ‘सुधीरदादा, रेघ तुटली. फोन उचला.’ मग पुन्हा, ‘फोन उचला.’ मी दवाखान्यात उत्तरं देत होतो तेव्हा त्या तिकडे नागपुरात हे लिहीत होत्या.

सराव चालू होता. जुईने एक बॉल डाव्या पॅडवर असा घेतला की मी उभाच राहिलो. सुधीर घ्यायचा तसाच, गुडघा आत वळवून. शर्टाच्या खिशात हात गेला तर पुडी होती. तिथेच असते ती आता. सराव संपल्यावर जुई घामाघूम होऊन आली, बाटली तोंडाला लावली, आणि एका हाताने ‘बाहेर’ लिहिलं. दोन गावांहून अंगठे आले, तिसऱ्याने विचारलं, ‘किती गोल खाल्ले?’ मुली हॉकीस्टिक गोळा करत होत्या. मी बाकावर बसलो, चष्मा लावला आणि एका बोटाने लिहीत गेलो. वेळ लागला. लिहिलं ते असं:

‘वैदेहीताई, मी सुधीरचा मित्र, मास्तर. तुम्ही फोन केलात तेव्हा मी विचारलं होतं की तुम्ही त्याला कधी भेटलात का. मी त्याला जन्मभर भेटलो, आणि त्याची शुगर किती आहे हे एकदाही विचारलं नाही. पोलिसांना खोटं मी सांगितलं होतं. तुम्ही खरं सांगत होता. मला माफ करा. सगळ्या पलटणीनेच माफ करा. जुई आज चांगली खेळली. तिचा फोन माझ्याजवळ आहे.’